अमेरिकन कॉलेजं ॲक्टिव्हिटीज तपासतात का? पडताळणीत टिकेल अशी यादी कशी भरायची

अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करणाऱ्या घरांत ऑक्टोबर लागला की ‘अर्जात लिहिलेल्या ॲक्टिव्हिटीज, म्हणजे अभ्यासाबाहेरचे उपक्रम, कॉलेजं तपासतात का?’ हा प्रश्न निघतोच, आणि त्याची दोन उत्तरं फिरत असतात. एक, ‘हजारो अर्ज येतात, कोण बघतंय?’ दुसरं, ‘प्रत्येक गोष्टीचं सर्टिफिकेट लागतं, नसेल तर लिहूच नका.’ पहिलं ऐकून मुलं फुगवून लिहितात. दुसरं ऐकून आजारी आजीची दोन वर्षं केलेली देखभाल यादीतून गळते आणि अर्ध्या दिवसाच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट मात्र दिमाखात पहिल्या पानावर बसतं.

खरी परिस्थिती अशी की, बहुतेक कॉलेजं प्रत्येक नोंदीसाठी फोन करत बसत नाहीत. ती एकाच अर्जातले वेगवेगळे भाग एकमेकांशी ताडून बघतात, आणि कुठे खटकलं तरच बाहेर विचारतात. म्हणून तयारी करायची ती या ताडून बघण्याची.

## तपासणी नेमकी कुठे होते

कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक ऑनलाइन अर्जात, जास्तीत जास्त १० ॲक्टिव्हिटीज आणि ५ सन्मान लिहिता येतात. ही यादी वाचणाऱ्याच्या समोर तुमचे निबंध, दोन-एक शिक्षकांची शिफारसपत्रं आणि काउन्सेलरने, म्हणजे शाळेतल्या मार्गदर्शकाने, तुमच्याबद्दल भरलेला स्कूल रिपोर्ट हेही असतं. तुम्ही ‘सायन्स क्लबची अध्यक्ष’ लिहिलंत आणि सायन्सच्याच सरांच्या पत्रात क्लबचा उल्लेखही नाही, तर तिथे पहिली शंका येते. शंका आली की सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे शाळेला ईमेल किंवा फोन. त्यात भारतातले अर्ज वाचणारी माणसं बहुधा तीच-तीच असतात. कुठल्या ऑलिम्पियाडमध्ये खरंच कस लागतो आणि कुठल्या स्पर्धेत फी भरली की मेडल मिळतं, हे त्यांना तुमच्या-माझ्याइतकंच माहीत असतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाची पद्धत वेगळी आहे. तिथे नऊ कॅम्पससाठी एकच अर्ज असतो, ॲक्टिव्हिटीज आणि पुरस्कार मिळून २० नोंदी करता येतात, आणि सर्वसाधारणपणे शिफारसपत्रं घेतच नाहीत. ताडून बघायला पत्रं नाहीत, म्हणून तिथे काही अर्जदार निवडून त्यांच्याकडे थेट पुरावा मागितला जातो. ही निवड यादृच्छिकही असते. त्यामुळे तुमचं नाव निघालं याचा अर्थ तुमच्यावर संशय आहे असा नाही. मात्र उत्तर दिलं नाही तर अर्ज रद्द होतो.

खेळाडू म्हणून भरती होणाऱ्यांचं तर कसून बघतात. २०१९ मध्ये उघड झालेल्या ‘व्हर्सिटी ब्लूज’ या लाच देऊन प्रवेश मिळवण्याच्या घोटाळ्यात कधी होडी न वल्हवलेली मुलं वल्हवण्याच्या संघातली म्हणून दाखवली होती. त्यानंतर या बाबतीत कोणी गाफील राहिलेलं नाही.

## टप्पा १ : आधी फाइल, मग यादी

जवळजवळ सगळे उलटं करतात. आधी यादी रंगवतात आणि मग ‘याचं काही सापडतंय का’ म्हणून कपाटं उपसतात. यादी रंगली की ती कमी करणं जिवावर येतं, म्हणून हा क्रम मोडायचा.

नववीपासूनची प्रत्येक गोष्ट कच्च्या कागदावर लिहा. प्रत्येकीपुढे चार गोष्टी हव्यात: कधी सुरू केली आणि कधी संपली (महिना-वर्ष), तुम्ही नेमकं काय केलं, कागद कोणता आहे, आणि हे पाहिलेलं माणूस कोण आहे. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच सगळ्यात जास्त रिकामा राहतो. माणूस म्हणजे आईवडील किंवा काका नव्हे. कोच, गुरू, संस्थेचे सचिव, दुकानाचे मालक, क्लबचे प्रभारी शिक्षक असं कोणीतरी. त्यांचं नाव, पद, फोन, ईमेल लिहून ठेवा आणि ‘कोणी विचारलं तर तुमचं नाव देऊ ना?’ असं आताच विचारून घ्या.

मग कागद स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. आपल्याकडच्या कागदांत हमखास दोन अडचणी येतात. पहिली नावाची. जुन्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. इंग्रजी स्पेलिंग तर दर कागदावर नवं. यात गुन्हा काही नाही, पण पुरावा मागितला तर एका ओळीत खुलासा द्यावा लागतो. कुठल्या कागदावर नाव कसं आहे, याची टीप फोल्डरमध्येच ठेवा. दुसरी अडचण मराठी सर्टिफिकेटची. मूळ कागदाला हात न लावता त्याचं साधं इंग्रजी भाषांतर वेगळ्या पानावर करून सोबत ठेवा.

सर्टिफिकेट कधी मिळालंच नसेल तर संस्थेकडून आता पत्र घ्या. ‘अमुक विद्यार्थिनी जून २०२३ ते मार्च २०२५ या काळात आमच्याकडे दर शनिवारी शिकवत होती’ एवढं पुरतं. लेटरहेडवर, सहीनिशी, आणि आजच्या तारखेचं.

सावधान : मागची तारीख टाकून पत्र घेऊ नका. काम खरं असलं तरी तो कागद खोटा ठरतो, आणि मग खऱ्या कामावरचाही विश्वास उडतो. ‘सगळे असंच करतात’ म्हणणारे कन्सल्टंट भेटतील. पत्रावर नाव तुमचं असतं, त्यांचं नव्हे.

काही कामांना कागद असतच नाही. धाकट्या भावंडांना सांभाळणं, घरच्या दुकानात बसणं, शेतीच्या कामात हात लावणं. कॉमन ॲपच्या प्रकारांत कौटुंबिक जबाबदाऱ्या आणि पगारी काम हे दोन्ही आहेत. ही कामं बिनधास्त लिहा. इथे कागदाऐवजी माणूस चालतो: वर्गशिक्षकांना ठाऊक आहे का, एवढंच पाहा. नसेल तर सांगा.

तपासा : ज्या नोंदीपुढे कागदही नाही आणि माणूसही नाही, ती सध्या बाजूला काढा. जागा उरली तर पुन्हा बघू.

## टप्पा २ : तासांचा हिशेब

फुगवलेली यादी सगळ्यात आधी इथे उघडी पडते, कारण इथे कोणाला फोनही करावा लागत नाही. बेरीज केली की झालं.

कॉमन ॲप प्रत्येक नोंदीला आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे विचारतं. आठवड्यात तास १६८. रोज आठ तास झोप धरली तर उरले ११२. त्यातून कॉलेज, क्लास, प्रवास, जेवणखाण वजा करा. आता दहा नोंदींत प्रत्येकी १२ तास लिहिले असतील तर ते होतात १२०, म्हणजे जागेपणीच्या वेळेपेक्षाही जास्त! असे अर्ज खरंच जातात, आणि भरणारी मुलं खोटारडी असतात असंही नाही. प्रत्येक नोंद वेगवेगळ्या दिवशी भरली, बेरीज कोणीच केली नाही.

ढोल-ताशा पथकाचं उदाहरण घ्या. गणपतीआधी दोन महिने सराव, आठवड्यातून पाच दिवस, रोज तीन तास. म्हणजे आठवड्याला १५ तास, आणि मिरवणुकीचे दिवस धरून साधारण नऊ-दहा आठवडे. दहा धरले तर वर्षाला १५० तास. हे उत्तम आहे! पण मुलं १५ तास लिहितात आणि आठवड्यांच्या रकान्यात सवयीने ५२ टाकतात. झाले ७८० तास. वाचणाऱ्याला ढोल-ताशा ठाऊक नसेल, पण ज्या मुलाने निबंधात ‘पावसाळ्यातले ते दोन महिने’ असं लिहिलंय त्याच्या यादीत ५२ आठवडे कसे, हे त्याला कळतं.

हिशेब असा करा:

१. आधी वर्षाचे एकूण तास काढा. परीक्षेचे आठवडे, सुट्ट्या, आजारपण वजा करूनच.

२. मग खरोखर काम चाललेले आठवडे मोजा आणि एकूण तासांना त्यांनी भागा.

३. नववीत कमी आणि अकरावीत जास्त असं असेल तर सरासरी लिहा. सगळ्यात चांगल्या वर्षाचा आकडा चारही वर्षांना लावू नका.

४. अर्धवट आकडा खालच्या बाजूला वळवा. साडेतीन असेल तर तीन.

५. शेवटी, जे उपक्रम एकाच काळात चालू होते त्यांच्या आठवड्याच्या तासांची बेरीज करा.

तपासा : कॉलेज आणि क्लास चालू असताना ही बेरीज पंचवीसच्या पुढे गेली तर मी तरी प्रत्येक आकडा पुन्हा विचारतो. हा कुठला नियम नाही, माझा अंदाज आहे. रोज सकाळी दोन तास पोहणाऱ्या मुलीची बेरीज खरंच जास्त येते. मग तिच्या पत्रांतही ते पोहणं दिसायला हवं.

## टप्पा ३ : पद, पातळी, आकडे

पदासाठी ५० कॅरेक्टर, संस्थेच्या नावासाठी १००, वर्णनासाठी १५०, तेही स्पेससकट. एवढ्याशा जागेत भपका करायचा मोह होतो. चुका साधारण चार ठिकाणी होतात.

पद. वर्गाचा मॉनिटर ‘विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष’ होतो, स्वयंसेवक ‘समन्वयक’ होतो. कसोटी सोपी आहे: शाळेत फोन गेला आणि उचलणाऱ्याला हे पद विचारलं, तर तो ‘हो’ म्हणेल की ‘असं काही पद नाही आमच्याकडे’ म्हणेल? पद नसेल तर ‘सदस्य’ लिहा आणि वर्णनात काम सांगा. काम भरीव असेल तर साधं पद आड येत नाही.

परीक्षेचा टप्पा. गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण झालेली मुलगी विशारदची तयारी करत असते आणि यादीत ‘विशारद’ असं येतं. ‘मध्यमा पूर्ण, विशारदचा अभ्यास चालू’ हे खरं आणि तेवढंच वजनदार. भौतिकशास्त्राच्या ऑलिम्पियाडचंही तसंच. पहिला टप्पा एनएसईपी, दुसरा आयएनपीएचओ, त्यानंतर निवड शिबिर आणि मग आंतरराष्ट्रीय संघ. पहिला टप्पा पार केलेल्याने नुसतं ‘ऑलिम्पियाड क्वालिफाइड’ लिहिलं तर वाचणारा कुठला टप्पा धरेल? टप्प्याचं नाव लिहायचंच.

सन्मानाची पातळी. फॉर्म विचारतो: शाळा, राज्य किंवा विभाग, राष्ट्रीय की आंतरराष्ट्रीय. खासगी कंपनीने स्वतःच्या परीक्षेच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ घातलं म्हणून तुमच्या वर्गातली तिसरी रँक आंतरराष्ट्रीय होत नाही. तुमची रँक ज्या पातळीवर लागली ती पातळी निवडा.

परिणामांचे आकडे. ‘५०० मुलांना शिकवलं’ हे कसं मोजलं? हजेरीपट आहे का? एकाच मुलाला दहा वेळा मोजलंय का? ३५ मुलं आणि दोन वर्षं हा आकडा ५०० पेक्षा जास्त पटतो, आणि मुलाखतीत त्याच्याबद्दल दहा मिनिटं बोलताही येतं. निधी गोळा केला असेल तर रकमेपुढे बँकेची नोंद किंवा पावतीपुस्तक हवं.

‘संस्थापक’ या शब्दावर थोडं थांबतो, कारण गेल्या काही वर्षांत त्याला ऊतच आला आहे. चार मित्रांनी मिळून सुरू केलेला उपक्रम हा उपक्रमच. नोंदणी नसेल तर त्याला ट्रस्ट किंवा एनजीओ म्हणू नका. आणि वेबसाइट हा पुरावा समजत असाल तर लक्षात ठेवा: डोमेन कधी घेतलं ती तारीख कोणालाही पाहता येते. ‘नववीपासून चालवतो’ असं लिहिलेल्या संस्थेचं डोमेन बारावीच्या सप्टेंबरमधलं निघालं, तर खुलासा मागायचीही गरज उरत नाही.

शोधनिबंध असेल तर तीन शब्दांची सरमिसळ नको: पाठवला, स्वीकारला, प्रकाशित झाला. सहलेखक असाल तर आपला वाटा सांगा: माहिती गोळा केली, आकडेमोड केली, जे असेल ते.

## टप्पा ४ : शिफारस देणाऱ्यांना वेळेत कळवा

कॉमन ॲपमध्ये बहुतेक मुलं शिफारसपत्रं पाहण्याचा हक्क सोडतात, आणि सोडावाच. पण त्याचा अर्थ असा की पत्रात काय लिहिलंय हे नंतर पाहता येणार नाही. जुळवाजुळव करायची ती पत्र लिहिण्याआधीच.

महाराष्ट्रातल्या मुलांची इथे खास पंचाईत आहे. नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी दुसऱ्याच ज्युनिअर कॉलेजात. काउन्सेलर नसतोच, म्हणून स्कूल रिपोर्ट प्राचार्य भरतात, आणि त्यांना तुमच्या नववीतल्या नाटकाची काहीच कल्पना नसते. इंटिग्रेटेड क्लासवाल्यांचं तर कॉलेजातल्या प्राध्यापकांशी तोंडओळखीपुरतंच नातं असतं. अशा प्राचार्यांना अमेरिकेतल्या कॉलेजातून फोन आला तर ते प्रामाणिकपणे ‘मला माहीत नाही’ म्हणतील. तेही तुमच्या विरोधातच जातं.

म्हणून:

१. यादी पक्की झाली की तिची प्रत आणि एक पानाची माहिती प्राचार्य आणि दोन्ही शिक्षकांना द्या. डेडलाइनच्या निदान महिनाभर आधी, कारण ‘अर्ली’, म्हणजे लवकरच्या फेरीतल्या, अर्जांची मुदत बहुधा १ नोव्हेंबरला असते आणि दिवाळीची सुट्टी याच सुमारास पडते.

२. जुन्या शाळेतल्या गोष्टींसाठी तिथल्या मुख्याध्यापकांचं छोटं पत्र प्राचार्यांच्या हाती द्या. काउन्सेलरच्या पत्रात त्याचा संदर्भ आला तर उत्तमच.

३. भेटून सांगा. ‘सर, यातलं तुम्हाला जे माहीत आहे तेवढंच लिहा’ हे वाक्य आवर्जून म्हणा. न पाहिलेल्या गोष्टींचं गुणगान करायला लावलेलं पत्र लगेच ओळखू येतं.

सावधान : पत्राचा मसुदा स्वतः लिहून सहीसाठी देऊ नका. पत्रं, निबंध आणि यादी यांत तीच-तीच वाक्यं दिसली की सगळ्या अर्जावरच शंका येते.

## टप्पा ५ : सगळं शेजारी ठेवून एकदा वाचा

यादी, निबंध, सन्मान, शिक्षकांना दिलेलं पान आणि लिंक्डइन वगैरे असेल तर तेही छापून टेबलावर पसरा. तारखा, पदं, आकडे यांवर पेन्सिलने खुणा करा. निबंधात ‘तीन वर्षं’ आणि यादीत दोन इयत्तांवर टिक, असलं काहीतरी निघतंच.

मग घराबाहेरच्या कोणाला तरी यादी देऊन प्रत्येक नोंदीवर दोन प्रश्न विचारायला सांगा: ‘तिथे मंगळवारी तू नेमकं काय करायचास?’ आणि ‘यात बिघडलं काय?’ काम केलेल्या मुलाकडे या दोन्हींची उत्तरं असतात, तीही रंगवून सांगण्याइतकी. जिथे मूल गडबडतं ती नोंद एक तर खाली न्या, नाही तर काढा. दहा रकाने भरलेच पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही. एमआयटी तर स्वतःच्या अर्जात चारच ॲक्टिव्हिटीज विचारते.

## टप्पा ६ : सही आणि सबमिट

सबमिटच्या बटणाआधी एक प्रतिज्ञापत्र असतं. मजकूर खरा आहे, आणि खोटा निघाल्यास प्रवेश रद्द करण्यापासून मिळालेली पदवी काढून घेण्यापर्यंत कारवाई होऊ शकते, हे तुम्ही मान्य करता. तिथे मुलाने स्वतः वाचून स्वतः सही करायची. कन्सल्टंटने नव्हे, बाबांनी नव्हे. प्रवेश मिळाल्यावरही ही बाब संपत नाही: २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात बनावट कागदपत्रांवर शिकत असलेला भारतीय विद्यार्थी त्याच्याच निनावी ऑनलाइन पोस्टवरून सापडला. आधी अटक झाली, मग शिक्षण सोडून परत यावं लागलं.

दोन व्यवहारी गोष्टी. अर्जातला ईमेल मुलाचा स्वतःचा आणि रोज उघडला जाणारा हवा. पडताळणीची विचारणा त्यावरच येते. आणि भरलेल्या अर्जाची पीडीएफ त्याच दिवशी उतरवून पुराव्यांच्या फोल्डरमध्ये ठेवा.

सावधान : कॉलेजने मागितलं नसेल तर सर्टिफिकेटांचा गठ्ठा आपणहून पाठवू नका. फाइल तुमच्याकडे तयार असावी एवढंच.

## टप्पा ७ : विचारणा आली तर

कॅलिफोर्नियाची विचारणा हिवाळ्यात येते, म्हणजे नेमकी आपल्याकडे बारावीची प्रॅक्टिकल्स आणि बोर्डाची तयारी चालू असताना. मेल स्पॅममध्ये पडून राहतो आणि मुदत टळते. डिसेंबरपासून आठवड्यातून दोनदा स्पॅमसह मेल तपासायचं काम घरातल्या कोणाकडे तरी सोपवा.

मेल आला की आधी तो खरा आहे का पाहा: विद्यापीठाच्याच पत्त्यावरून आलाय का, आणि अर्जाच्या पोर्टलवर तसं दिसतंय का. मग कोणती नोंद विचारली आहे ते नीट वाचा आणि तेवढ्याचंच उत्तर द्या. विचारलं स्वयंसेवेचं आणि पाठवली बारा मेडलं, असं नको. कागद, सोबत दोन-तीन ओळींचा खुलासा, आणि टप्पा १ मधल्या त्या माणसाचा संपर्क. त्या माणसाला आधी फोन करून सांगा. काय बोलायचं ते पढवू नका, फक्त फोन किंवा मेल येईल हे कळवा. पाठवल्यावर पोच आली का बघा.

## टप्पा ८ : सबमिट केल्यावर चूक सापडली तर

ज्या कॉलेजांना अर्ज अजून गेलेला नाही, तिथे यादी दुरुस्त करून मग पाठवा. गेलेला अर्ज कॉमन ॲपमध्ये बदलता येत नाही. त्या कॉलेजच्या पोर्टलवरून किंवा प्रवेश कार्यालयाला मेल करून दुरुस्ती कळवायची.

मेल चार वाक्यांचा: अर्जातला तुमचा क्रमांक, कोणती नोंद, काय लिहिलं होतं, काय असायला हवं. ‘तिसऱ्या नोंदीत ५२ आठवडे लिहिले आहेत, ते १० हवेत’ इतकं कोरडं. कारणांची पोथी नको आणि कन्सल्टंटवर खापरही नको. मेल मुलानेच स्वतःच्या पत्त्यावरून लिहायचा. तास चुकले, महिना चुकला असल्या दुरुस्त्या कार्यालयं नोंदवून घेतात. चूक पदाची किंवा सन्मानाच्या पातळीची असेल तर मेल त्याच दिवशी जाऊ द्या आणि प्राचार्यांनाही कळवा, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजातून फोन आला तर त्यांना ही दुरुस्ती माहीत असेल.